बालवाडीच्या वयासाठी हस्तकामाची छापील पाने: आखणी आणि वापर

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी छापील पाने शोधायला गेले की हाती लागणारी बहुतेक पाने पेन्सिलीची असतात. तुटक रेघ गिरवा, सशाला गाजरापर्यंत पोहोचवा, अक्षरावरून पेन्सिल फिरवा, अशा सूचना त्यांवर असतात. या पानांत वावगे काही नाही, पण ज्या हाताने ती गिरवायची तो हात तयार करण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही. तो हात फाडून, चुरगळून, चिकटवून, कातरून आणि ओवून तयार होतो. या प्रत्येक कामासाठी छापील पानाचा उपयोग होऊ शकतो, मात्र ते पान वेगळ्या बेताने आखावे लागते. तशी पाने घरच्या घरी किंवा बालवाडीत कशी तयार करावीत आणि ती मुलांकडून कशी करून घ्यावीत, हे येथे क्रमाने सांगितले आहे. त्यासाठी चित्रकला यायला हवी असे मुळीच नाही. पट्टी, जाड मार्कर, एक वाटी आणि कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान एवढ्यावर काम भागते.

आधी हाताविषयी थोडेसे

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढे एकेक करून पक्की होत जातात. त्यांतले शेवटचे हाड साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान हाडाचे रूप घेते. चार वर्षांचे मूल पेन्सिल धरताना मनगट न फिरवता सगळा हात खांद्यापासून हलवते, ते आळसामुळे किंवा हट्टामुळे नव्हे. मूल आधी खडू मुठीत धरते, मग सगळी बोटे खाली वळवून धरते, आणि साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास अंगठा, तर्जनी व मधले बोट अशी तीन बोटांची पकड दिसू लागते. त्या पकडीत नुसती बोटे हलवून लिहिणे हे त्याहून पुढचे पाऊल आहे आणि ते बहुधा पाच-सहा वर्षांच्या आसपास जमते.

आकारांचाही असाच क्रम आहे. सर्वसाधारणपणे तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढते, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह काढते, चौकोन त्यानंतर येतो आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास. तिरपी रेघ उशिरा येते, हे पान निवडताना विशेष लक्षात ठेवावे. तीन वर्षांच्या मुलासमोर नागमोडी आणि दातेरी रेघांचे पान ठेवणे म्हणजे अवघड काम आधी देणे होय, आणि बाजारात मिळणाऱ्या कितीतरी पुस्तिका नेमके हेच करतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा काळ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. त्यामुळे छोट्या गटातच अक्षरे घोटून घेण्याची घाई करण्याचे कारण धोरणातही सापडत नाही.

कागद, खळ, कात्री

साध्या झेरॉक्सचा कागद चौरस मीटरला ७० ते ८० ग्रॅम वजनाचा असतो. चिकटवण्यासाठी आणि ठशांसाठी तो चालतो, पण कातरण्याच्या पहिल्या पानांसाठी तो फार लिबलिबीत पडतो. मुलाने कात्री मिटली की कागद पात्यांच्या मधे दुमडतो आणि मुलाला वाटते की आपल्याला कापता येत नाही. म्हणून सुरुवातीची कातरकामाची पाने कार्डशीटवर, म्हणजे साधारण १६० ते २०० ग्रॅमच्या कागदावर छापून घ्यावीत. झेरॉक्सवाल्याला कागद बाजूच्या ट्रेमधून एकेक घालायला सांगावे. कार्डशीट महाग वाटत असेल तर जुन्या लग्नपत्रिका ही त्या जाडीची फुकट मिळणारी वस्तू आहे. कोऱ्या बाजूवर मार्करने रेघ मारली की पान तयार होते.

छपाई नेहमी काळी-पांढरी करावी. रंगीत चित्र छापले की मुलाच्या हाताला करायला फारसे काही उरत नाही. आणखी एक व्यवहाराची गोष्ट अशी की शाईच्या प्रिंटरवर छापलेली रेघ ओल्या खळीने फुटते आणि पसरते, तर झेरॉक्सची किंवा लेझर प्रिंटरची रेघ फुटत नाही. त्यामुळे घरी प्रिंटर असला तरी एक प्रत त्यावर काढून बाकीच्या झेरॉक्स करून घेणे चांगले. परदेशी संकेतस्थळांवरची पाने बहुधा तिकडच्या लेटर मापाची असतात. ए-४ वर छापताना प्रिंटर ती आपल्या मनाने लहान-मोठी करतो. जेथे माप महत्त्वाचे आहे, उदाहरणार्थ टिकली बरोबर बसेल असे वर्तुळ, तेथे छपाईच्या खिडकीत आकार १०० टक्के ठेवावा.

चिकटवण्यासाठी डिंकाची किंवा पांढऱ्या गोंदाची बाटली मुलाच्या हाती देण्यापेक्षा खळ चांगली. एक मोठा चमचा मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहावे. पांढरा रंग जाऊन मिश्रण जरासे पारदर्शक व दाट झाले की उतरवावे. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून थोडी पातळ असतानाच गॅस बंद करावा. ही खळ त्याच दिवशी संपवावी. उरली तर फ्रिजमध्ये एक-दोन दिवस राहते. पूर्वी बाइंडिंगच्या खळीत ती टिकावी म्हणून मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी आहे आणि या वयाची मुले बोटे तोंडात घालतात, त्यामुळे तो या खळीत कधीही घालू नये. खळ बाटलीच्या झाकणात थोडीशी काढून द्यावी आणि मुलाने ती तर्जनीच्या टोकाने घ्यावी. ओल्या, चिकट स्पर्शाला काही मुले आधी बिचकतात. त्यांना जवळ एक ओले फडके दिले की ती हळूहळू सरावतात.

कात्री स्टीलच्या पात्यांची, गोल टोकाची आणि मुलाच्या हाताच्या मापाची असावी. सगळीच प्लास्टिकची असलेली कात्री सुरक्षित दिसते खरी, पण तिने कागद कापला जात नाही, चावला जातो. कात्री मिटली की आपोआप उघडणाऱ्या, स्प्रिंगच्या कात्र्याही मिळतात; ज्या मुलांना मुठीत जोर कमी आहे त्यांना सुरुवातीला त्या उपयोगी पडतात. डावखुऱ्या मुलाला डावखुरी कात्रीच लागते. साधी कात्री डाव्या हातात धरली की वरचे पाते रेघ झाकून टाकते आणि पाती एकमेकांवर दाबली जाण्याऐवजी एकमेकांपासून दूर ढकलली जातात.

पान आखताना

एका पानावर एकच काम आणि एकच मोठे चित्र असावे. हे सांगायला सोपे वाटते, पण पान आखायला बसले की कोपऱ्यात फुलपाखरू, वर सूर्य, खाली गवत काढण्याचा मोह आवरत नाही. मुलाला मात्र आपण नेमके कोठे चिकटवायचे, कोठे थांबायचे, हे त्या गर्दीत कळत नाही. रेघेची जाडी वयाप्रमाणे ठेवावी: नवशिक्या मुलासाठी कातरण्याची रेघ सुमारे एक सेंटिमीटर रुंद, मग अर्धा सेंटिमीटर, आणि हात बसल्यावर दोन-तीन मिलिमीटर. एक सेंटिमीटरची रेघ मार्करने भरण्यापेक्षा दोन समांतर रेघा मारून मधे रस्ता सोडावा. ‘गाडी रस्त्यावरून न्यायची, शेतात घालायची नाही’ ही सूचना मुलांना लगेच समजते. सुरुवात जेथून करायची तेथे एक ठळक ठिपका द्यावा. पानाच्या चारही बाजूंनी किमान दोन सेंटिमीटर जागा कोरी सोडावी, कारण मुलाच्या दुसऱ्या हाताला कागद धरायला जागा हवी असते.

वाटी पालथी ठेवून गोल, काडेपेटीने आयत, पट्टीने रेघ आणि मुलाच्याच हाताभोवती पेन्सिल फिरवून पंजा, एवढ्या आकारांतून आंबा सोडून जवळपास सगळे निघते. आंब्यासाठी पुठ्ठ्याचा एक साचा कापून ठेवावा. तो वर्षभर पुरतो.

फाडकाम आणि गोळ्या

पहिले काम फाडण्याचे. फाडण्यासाठी दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीच्या चिमटी कागदावर शेजारी शेजारी लागतात, आणि मग एक हात स्वतःकडे तर दुसरा स्वतःपासून दूर जातो. लहान मुले सुरुवातीला दोन्ही हात बाजूला ओढतात. तसा कागद ताणला जातो, फाटत नाही. मुलाच्या समोर न बसता शेजारी बसून, सावकाश, न बोलता एकदा करून दाखवावे. वर्तमानपत्राचा कागद एका दिशेने सरळ पट्ट्यांत फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. पहिल्या दिवशी सोपी दिशा हाती येईल असा तुकडा द्यावा, आणि मग दुसऱ्या दिशेने काय होते ते मुलालाच शोधू द्यावे. ‘असं का होतं?’ हा प्रश्न त्यातून हमखास येतो.

छापील पान येथे दोन प्रकारे कामी येते. पहिल्या प्रकारात कागदावर दोन-दोन सेंटिमीटर अंतराने उभ्या रेघा छापाव्यात, प्रत्येक रेघेवर वरच्या कडेला बोटभर चीर आपण कापून द्यावी आणि पुढची रेघ मुलाने फाडत खाली न्यावी. दुसऱ्या प्रकारात पानभर मोठा आंबा किंवा पान छापावे आणि फाडलेल्या पट्ट्यांचे नखाएवढे तुकडे करून खळीने आतली जागा भरावी. पूर्ण आंबा एका बैठकीत भरला जात नाही. तो अर्धा ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे न्यावा. आपण बसून भरून टाकू नये.

गोळ्यांसाठी पतंगाचा कागद सर्वांत चांगला, कारण तो पातळ असतो आणि वळला की वळलेला राहतो. चार-पाच सेंटिमीटरचे चौकोन कापून द्यावेत. मूल आधी दोन्ही तळव्यांत गोळी वळते. ते जमले की एकाच हाताच्या तीन बोटांत, तळवा न वापरता, हरभऱ्याएवढी गोळी वळायला सांगावे. ही सूचना बारीक आहे, पण सगळे काम तिच्यात आहे: अनामिका आणि करंगळी मिटून स्थिर राहतात आणि बाकीची तीन बोटे हलतात, आणि पेन्सिल धरताना हाताची हीच विभागणी लागते. मुलाला ती दोन बोटे मिटून ठेवता येत नसतील तर त्यांच्याखाली कापसाचा लहान बोळा धरायला द्यावा. पानावर द्राक्षांचा घड छापावा, एकेक द्राक्ष दीड सेंटिमीटरचे, आणि प्रत्येकात एक गोळी. सुरुवातीला दहा-बारा द्राक्षे पुरेत.

टिकल्यांचे पान

टिकलीच्या पाकिटावरून टिकली सोडवणे हा बोटांच्या टोकांसाठी उत्तम व्यायाम आहे आणि त्यासाठी वेगळे स्टिकर विकत आणण्याची गरज नाही. पाकिटाचा पुठ्ठा जरा मागे वाकवला की टिकलीची कड वर येते आणि तर्जनीच्या टोकाने ती उचलता येते. एक हात पुठ्ठा वाकवतो, दुसरा उचलतो, म्हणजे दोन्ही हात निरनिराळे काम करतात. पानावर आठ ते दहा मिलिमीटरचे गोल छापावेत आणि टिकल्याही त्याच मापाच्या घ्याव्यात. पहिल्या पानावर गोल एका सरळ रेघेत, डावीकडून उजवीकडे. पुढच्या पानावर ते मोराच्या पिसाऱ्यावर किंवा शर्टाच्या गुंड्यांच्या जागी. मोठ्या मुलांसाठी ठिपक्यांची रांगोळी छापून प्रत्येक ठिपक्यावर टिकली लावायला सांगावी. टिकली लहान असते, आणि डाळी, मणी, शेंगदाणे यांसारखीच ती नाका-कानात जाऊ शकते. तीन वर्षांखालचे भावंड आसपास रांगत असेल तर हे काम चौरंगावर, आपल्या देखत आणि मोजून दिलेल्या टिकल्यांनीच करावे.

कातरकाम

या सगळ्यांत सर्वाधिक वेळ कातरकामाला द्यावा, कारण त्यात मूठ उघडणे-मिटणे, दुसऱ्या हाताने कागद फिरवणे आणि डोळ्याने रेघ धरून ठेवणे हे सगळे एकदम येते. कात्री धरण्याची रीत अशी: अंगठा वरच्या कड्यात, मधले बोट खालच्या कड्यात, तर्जनी कड्याबाहेर खालून आधाराला, अंगठ्याचे नख छताकडे आणि कोपर अंगाजवळ. मूल बहुधा कोपर पंखासारखे उचलते आणि अंगठा जमिनीकडे वळवते. ‘अंगठा वर’ एवढे दोनच शब्द दर वेळी म्हणावेत. त्याहून अधिक सूचना दिल्या तर मूल कात्री विसरून आपल्या तोंडाकडे पाहत बसते. अंगठा वर राहावा म्हणून अंगठ्याच्या नखावर मार्करने दोन डोळे काढावेत आणि ‘त्याला वरचं दिसलं पाहिजे’ असे सांगावे. हा उपाय हमखास चालतो.

पहिल्या पायरीवर रेघ नसते. कार्डशीटच्या दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या द्याव्यात; कात्री एकदा मिटली की तुकडा पडतो. हे तुकडे डबीत साठवून चिकटकामाला वापरता येतात. दुसऱ्या पायरीवर पट्टी चार-पाच सेंटिमीटर रुंद करावी आणि तिच्यावर आडव्या जाड रेघा छापाव्यात. आता तुकडा पडायला कात्री दोन-तीनदा पुढे न्यावी लागते आणि पूर्ण मिटण्याआधी पुन्हा उघडावी लागते. येथे मुले बरीच अडतात. कात्री पूर्ण मिटली की कापलेली कड फाटल्यासारखी दिसते. तसे दिसले की घाई न करता या पायरीवर आणखी काही दिवस राहावे.

तिसरी पायरी झिरमिळ्यांची, आणि तिच्यासाठी आकाशकंदिलाचे पान सर्वांत सोयीचे आहे. ए-४ कार्डशीट आडवे धरून खालच्या कडेपासून वर बारा सेंटिमीटर उंचीपर्यंत, दोन-दोन सेंटिमीटर अंतराने उभ्या रेघा मारून घ्याव्यात, आणि जेथे रेघा संपतात तेथे एक आडवी जाड रेघ मारून तिच्यावर ‘थांबा’चे लाल ठिपके द्यावेत. मूल खालच्या कडेपासून कापत येते आणि ठिपक्यापाशी थांबते. कापणे सगळ्यांना आवडते. थांबणे हीच येथे शिकायची गोष्ट आहे. सगळ्या झिरमिळ्या झाल्या की वरच्या कोऱ्या भागावर बटाट्याचे किंवा भेंडीचे ठसे उमटवावेत, ते वाळले की कागद गोल वळवून कडेला चिकटवावा आणि वर दोरा बांधावा. हा कंदील शोभेचाच. त्यात पणती किंवा मेणबत्ती ठेवायची नाही. दिवाळीला अवकाश असेल तर हेच पान आडवे लावून तोरण होते, आणि झिरमिळ्या पेन्सिलीवर गुंडाळून सोडल्या की सिंहाची आयाळ.

त्यानंतर पंधरा-वीस सेंटिमीटर लांबीची सरळ रेघ, मग हलके वळण, मग मोठा गोल, मग चौकोन आणि सर्वांत शेवटी त्रिकोण व दातेरी कडा, असा क्रम ठेवावा. गोल कापताना कात्री फिरत नाही, कागद फिरतो, हे मुलाला दाखवावे लागते. उजव्या हाताच्या मुलाने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने कापत जावे आणि डावखुऱ्याने काट्यांच्या दिशेने. म्हणजे कापायची रेघ हाताखाली झाकली जात नाही. त्यामुळे गोलाच्या पानावर सुरुवातीचा बाण दोन्ही बाजूंना छापावा आणि मुलाप्रमाणे एक खोडावा. चौकोनात कोपऱ्यापाशी पूर्ण थांबून, कात्री उघडी ठेवून कागद वळवायचा असतो. कोपऱ्यावर जाड ठिपका असला की ते जमते. गणपतीच्या पताकांचे त्रिकोण पाच वर्षांपुढच्या मुलांकडून कापून घ्यावेत आणि लहानांना त्या दोरीवर दुमडून चिकटवायला द्याव्यात. असे काम वाटून घेतले की एकाच घरातली दोन वयांची भावंडे एका वेळी बसू शकतात.

ओवण्याचे कार्ड आणि घड्या

लग्नपत्रिका किंवा जाड पुठ्ठ्यावर छापलेले चित्र चिकटवून कडेने दोन-दोन सेंटिमीटरवर पंचने भोके पाडावीत. ओवायला बुटाची नाडी घ्यावी, कारण तिचे टोक कडक असते. सुतळी किंवा लोकर घ्यायची असेल तर टोकाला सेलोटेप घट्ट गुंडाळावी. नाडी साधारण मुलाच्या एका हाताएवढी लांब पुरते, त्याहून लांब नाडी गुंतते आणि गळ्याभोवतीही जाऊ शकते. पहिल्या कार्डावर आठ-दहाच भोके ठेवावीत आणि नाडीच्या मागच्या टोकाला आधीच गाठ मारून द्यावी. मूल भोकातून नाडी खाली घालते आणि पुन्हा कडेवरून वर आणते. तसे झाले तरी ते ओवणेच आहे. ‘एकदा वरून, एकदा खालून’ हा टाका पाचव्या वर्षाच्या सुमारास नीट बसतो.

घडीकामाचे पान म्हणजे मधोमध एक तुटक रेघ आणि दोन्ही कोपऱ्यांवर एकसारखी चिन्हे. ‘चांदणी चांदणीवर ठेव’ असे सांगितले की कोपरे जुळतात. मग एका हाताने ते दाबून धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घडी मोडायची. एक घडी, मग दोन, मग आलटून पालटून घड्यांचा पंखा. होडी या वयात आपल्या मदतीशिवाय होत नाही, त्यामुळे तिचा आग्रह धरू नये.

पेन्सिलीची पाने, शेवटी

इतके झाल्यावर पेन्सिलीकडे यावे, आणि तेव्हाही आधी पेन्सिल नव्हे तर तीन-चार सेंटिमीटरचे मेणखडूचे तुकडे द्यावेत. इतका लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, त्यामुळे तीन बोटांची पकड न सांगता येते. नवे खडू मोडायला आपल्याला जिवावर येते, पण मोडावेत. पान चौरंगावर देण्याऐवजी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवून पाहावे. उभ्या पृष्ठभागावर काम करताना मनगट आपोआप मागे वळते आणि बोटे मोकळी होतात. खाली बसून काम करायचे तर मांडी घालून, चौरंग किंवा पाट पोटाजवळ घेऊन बसवावे. खुर्ची असेल तर पाय लोंबकळू देऊ नयेत; पायांखाली डबा किंवा पाट ठेवावा.

रेघांची पाने निवडताना लिपीचा विचार करावा. परदेशातून उतरवून घेतलेल्या पानांवरील लाटा आणि तिरप्या वेटोळ्या रेघा इंग्रजी वळणाच्या तयारीसाठी असतात. देवनागरीला लागते ती उभी रेघ, म्हणजे पुढचा काना. डावीकडून उजवीकडे जाणारी आडवी रेघ, म्हणजे शिरोरेषा. पूर्ण गोल, जो पुढे ठ मध्ये येतो. आणि दोन्ही बाजूंना उघडणारे अर्धगोल, जे ट, ड, ढ मध्ये येतात. ग, म, भ, न ही अक्षरे एकत्र शिकवण्याची आपल्याकडची जुनी रीत याच आकारसाम्यावर बेतलेली आहे. या मूळ रेघा प्रत्येकी एका पानावर, हातभर मोठ्या छापाव्यात. त्यांचा सराव ठिपक्यांच्या रांगोळीनेही छान होतो: अडीच-तीन सेंटिमीटर अंतराने चार ओळींत चार-चार ठिपके छापावेत, आधी फक्त आडवे, मग फक्त उभे जोडायला सांगावे, तिरपे जोडणे मोठ्या गटासाठी राखावे.

साच्याचे पान हा आणखी एक चांगला प्रकार. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत पेन्सिलीवर ताबा यावा म्हणून धातूच्या चौकटी असतात. मूल चौकटीच्या आतल्या कडेने पेन्सिल फिरवते आणि मग आतली जागा रेघांनी भरते. त्या चौकटी महाग असतात, पण कार्डशीटवर दहा सेंटिमीटरचा गोल व चौकोन छापून आतला भाग मोठ्यांनी ब्लेडने कापून काढला की घरगुती चौकट तयार होते. ती कागदावर चार कोपऱ्यांना सेलोटेपने चिकटवून द्यावी, नाहीतर सरकते. परिसरात मिळेल त्या स्वस्त साहित्यातून शिकवण्याची वाट आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला घालून दिली. पुठ्ठ्याची चौकट ही काही कमअस्सल तडजोड मानण्याचे कारण नाही.

रोजचे वेळापत्रक आणि काही खुणा

दहा ते पंधरा मिनिटे पुरतात आणि रोज एकच पान पुरते. मूल उठून गेले तर पान तसेच ठेवावे. हात धरून करून घेऊ नये. फार तर मनगटाखाली आपले एक बोट आधाराला ठेवावे. वाकडे कापलेले आपण सरळ करू नये, कारण आईने दुरुस्त केलेले पान मुलाला आपले वाटत नाही. प्रत्येक पानाच्या मागे तारीख लिहून फाइलला लावून ठेवावी. महिनाभरापूर्वीचे पान शेजारी ठेवले की पुढचे पान सोपे हवे की अवघड, हे आपोआप दिसते.

कोणता हात मुख्य, हे बहुधा चार ते सहा वर्षांच्या दरम्यान पक्के होते. तोपर्यंत खडू किंवा कात्री मुलाच्या बरोबर समोर, मध्यभागी ठेवावी आणि ते कोणत्या हाताने उचलते ते पाहावे. डाव्या हातातून काढून उजव्या हातात देऊ नये. मूल पाच वर्षांचे होऊनही खडू मुठीतच धरत असेल, एक हात सतत बाजूला ठेवून एकाच हाताने सगळे करत असेल, गुंड्या लावणे, घास घेणे यांतही अडत असेल, किंवा पूर्वी जमणारे काम आता जमेनासे झाले असेल, तर पानांची संख्या वाढवून उपयोग नाही. अशा वेळी आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि त्यांच्या सल्ल्याने ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी उपचार देणाऱ्या तज्ज्ञाकडे, जावे. जाताना तारखा घातलेली ही फाइल बरोबर न्यावी.